उमय्यांकडे तलवार, अब्बासींकडे लेखणी: ही वाटणी बरोबर आहे का?

म्हापशाची_बाई

नमस्कार. मी म्हापशात घरच्या घरी शिकवण्या घेते. यंदा बी.ए.ची एक मुलगी येते. शुक्रवारी ती आईबरोबर बाजारात हरमलच्या मिरच्या विकायला बसते आणि तिथून थेट माझ्याकडे येते, त्यामुळे तिची वही उघडली की आधी मला शिंक येते. गेल्या शुक्रवारी तिने प्रश्न काढला: उमय्या आणि अब्बासी या खलिफांच्या दोन घराण्यांच्या राजवटींचा कारभार व संस्कृती यांची तुलना करा. कुठून तरी मिळालेल्या नोट्समध्ये मधोमध रेघ मारून दोन रकाने केले होते. डावीकडे दमास्कस, अरब, लढाया, तलवार. उजवीकडे बगदाद, इराणी, ग्रंथ, लेखणी. पाठ करून टाक, असे मी म्हणणारच होते. तेवढ्यात तिने विचारले, "बाई, जेरुसलेमचा तो घुमट उमय्यांचाच ना? मग तो डावीकडे कुठे बसवू?"

मला सांगता आले नाही. सनावळ्या येतात: उमय्या ६६१ ते ७५०, अब्बासी ७५० ते १२५८. पण एकोणनव्वद वर्षे एका पारड्यात आणि पाचशे आठ दुसऱ्या, यात तुलना नक्की कशाची करायची? कोणी वाचले असेल तर मला कळेल अशा भाषेत सांगा. मुलीला मी सांगेन.

मळ्यातला

बाई, परीक्षेपुरती ती वाटणी खपते. उमय्यांनी राज्य स्पेनपासून सिंधपर्यंत नेले, ७११ च्या आगेमागे दोन्ही टोकांना त्यांच्या फौजा होत्या. अब्बासींनी फारसे काही जिंकले नाही, बगदादला भाषांतरे करून घेतली. घुमटाला "अपवाद" म्हणा आणि पुढे चला.

गुंजभर

अपवाद कसला? बाई, या मळ्याच्या बाबाचे ऐकू नका.

मी इतिहासाचा माणूस नव्हे. फोंड्यात वडिलांच्या वेळचे सोनारकामाचे दुकान आहे, ते चालवतो. जुन्या नाण्यांचा नाद आहे, विकत घेण्याची ऐपत नाही, म्हणून वाचतो आणि फोटो मोठे करून बघतो. तेव्हा माझे उत्तर नाण्याच्या वाटेने येणार, चालवून घ्या.

मुआविया ६६१ साली दमास्कसला खलिफा झाला, त्यानंतरची तीसेक वर्षे उमय्यांनी दुसऱ्याच्याच ठशावर काम भागवले. सीरियात रोमी, म्हणजे बायझंटाईन, सोने चालायचे. त्यावर हेराक्लियस राजा आणि त्याचे दोन मुलगे उभे, मागे पायऱ्यांवर क्रूस. इराण-इराकात चांदी चालायची. त्यावर इराणी राजाचा मुकुटातला चेहरा, मागे अग्निकुंड आणि दोन्ही बाजूंना एकेक सेवक. अरबांनी दोन्ही तशीच चालू ठेवली. चांदीच्या कडेला बारीक "बिस्मिल्ला" कोरले. सोन्यावरच्या क्रूसाची आडवी दांडी तेवढी काढून टाकली, पायऱ्यांवर नुसता खांब उरला. मी पहिल्यांदा तो फोटो पाहिला तेव्हा मला हसू आले. गिऱ्हाईक जुना दागिना आणून "शेट, आधीचे नाव तेवढे घासून द्या" म्हणते, अगदी तेच काम.

मग अब्दुल मलिक आला, ६८५ ते ७०५. त्याने आधी स्वतःच तलवार धरून नाण्यावर उभे राहून पाहिले, काही वर्षे ती नाणी निघाली. आणि ६९७ च्या सुमारास, हिजरी ७७ मध्ये, सगळी चित्रे गेली. राजा नाही, कुंड नाही, खांबही नाही. दोन्ही बाजूंना फक्त अक्षरे, आणि त्यांत खलिफाचे नावसुद्धा नाही! असे नाणे त्या मुलखात आधी कोणी पाहिले नव्हते. सोन्याच्या या दिनाराचे वजन सव्वाचार ग्रॅम. रोमी नाणे साडेचारच्या आसपास होते, म्हणजे त्याने ते मुद्दाम वेगळे केले. आमच्या मापात पस्तीस गुंजा. दोन वर्षांनी चांदीचा दिरहम आला, २.९७ ग्रॅमचा. आता तराजूत घाला: सात दिनारांना दहा दिरहम बरोबर तोलतात. हे काम नुसत्या तलवारबाजाचे नव्हे. हा माणूस वखारीत बसून हिशेब करणारा होता.

दुसरी गोष्ट वह्यांची, आणि ती गोव्याच्या माणसाला चटकन कळेल. आमच्या दुकानामागच्या जागेचा दस्त पोर्तुगीजमध्ये, हाताने लिहिलेला. वडील गेल्यावर तो घेऊन मी एका कचेरीत तीनदा गेलो, तीन माणसांनी तीन अर्थ सांगितले. शेवटी मडगावात पोर्तुगीज अमदानीत कारकुनी केलेले एक म्हातारे गृहस्थ भेटले. त्यांनी चष्मा पुसला, दहा मिनिटांत वाचला आणि म्हणाले, "विहीर अर्धी तुमची आहे, हे ठाऊक आहे ना?" ठाऊक नव्हते. बाजूवाल्याला होते की काय, देव जाणे.

दमास्कसला हेच होते, फक्त अख्ख्या राज्यापुरते. वसुलीच्या वह्या ग्रीकमध्ये, सांभाळणारे ख्रिस्ती. सरजून म्हणून मोठा अधिकारी मुआवियाच्या वेळेपासून होता. इराकात वह्या फारसीत. खलिफा अरब, फौज अरब, पण तिजोरीत किती आले हे दुसऱ्याने वाचून दाखवायचे. अब्दुल मलिकने ७०० च्या सुमारास दमास्कसच्या वह्या अरबीत आणल्या. बलाजुरी हा जुना इतिहासकार कारण काय देतो बघा: एका ग्रीक कारकुनाला शाईत घालायला पाणी मिळाले नाही, म्हणून त्याने दौतीत लघवी केली, आणि ते खलिफाला कळले. खरे-खोटे असो. मला वाटते वह्या हव्याच होत्या, दौत निमित्त झाली. इराकात हज्जाज या सुभेदाराने सालिह नावाच्या माणसाकडून तेच करवले. तेव्हा जुन्या फारसी कारकुनाच्या मुलाने त्याला अडवले: अपूर्णांक कसे लिहिशील? सालिह म्हणाला, दहावा हिस्सा, अर्धा दहावा हिस्सा, असे सरळ अरबीत लिहीन. सोनाराला विचारा, भाषा पक्की झाली की नाही ते कवितेत कळत नाही, अपूर्णांकात कळते.

म्हणून बाई, त्या मुलीचा घुमट डावीकडेच बसतो, खुशाल बसवा. तो अब्दुल मलिकचाच, ६९१-९२ चा. कारागिरी रोमी धाटणीची, आतली अक्षरपट्टी अरबी. नाण्यावर केले तेच त्याने दगडावर आणि काचेच्या तुकड्यांत केले. त्याच्या मुलाने, वलीदने, दमास्कसला मोठी मशीद बांधली. तिच्या भिंतींवर सोनेरी काचेत नद्या, झाडे, वाडे आहेत. माणूस एक नाही, पाखरूही नाही.

मग एवढे सगळे करून एकोणनव्वद वर्षांत गाशा का गुंडाळला? भागीदार घेतले नाहीत म्हणून. इराणातला, खुरासानातला माणूस मुसलमान झाला तरी तो "मवाली", म्हणजे अरबांचा आश्रित (आपल्याकडे त्या शब्दाचे काय झाले ते तुम्ही जाणताच). लढाईला बोलवायचा, पण त्याचे नाव अरबाच्या बरोबरीने पगारपत्रकावर नाही, आणि हज्जाजसारख्यांनी धर्म बदललेल्यांकडूनही जिझिया चालू ठेवला. खलिफा दुसऱ्या उमरने, ७१७ ते ७२०, हे सुधारायला घेतले. तीन वर्षांत तो गेला. ७४७ मध्ये खुरासानात अबू मुस्लिमने काळी निशाणे उभारली आणि ७५० ला जाब नदीवर सगळे आटोपले. अब्बासी ते निशाण धरून आले. उमय्यांचा एक पोरगा तेवढा निसटला आणि ७५६ ला स्पेनमध्ये कोर्दोबाला गादीवर बसला, ती वेगळी कथा.

अब्बासींनी दुकान तेच ठेवले, ठसा जवळपास तोच, वजन तेच. मागचा मजकूर बदलला आणि हळूहळू त्यावर नावे यायला लागली. पण गल्ल्यावर दुसरी माणसे बसवली. ७६२ ला खलिफा मन्सूरने बगदाद वसवले, गोल, चार दरवाज्यांचे. वजीर झाले ते बर्मकी, बल्खचे. त्यांचे पूर्वज तिथल्या नवविहाराचे, म्हणजे बौद्ध मठाचे, प्रमुख. उमय्यांच्या काळात असल्या घराण्याचा माणूस वह्या लिहून घरी गेला असता. बगदादला तो राज्य चालवत होता.

मात्र लेखणी म्हणजे मवाळ, असे मुलीला शिकवू नका. मन्सूरने ७५५ मध्ये अबू मुस्लिमलाच मारवले, ज्याने गादी मिळवून दिली त्याला. बर्मक्यांना हारून रशीदने ८०३ ला एका रात्रीत संपवले.

अम्मानचा_आचारी

शेट, मशिदीत पाखरू नाही म्हणालात म्हणून लिहितो. मी साखळीचा. अम्मानच्या एका हॉटेलात सात वर्षे भटारखान्यात काढली. एका सुट्टीला आमचा ड्रायव्हर अझराकच्या वाटेवर घेऊन गेला, पूर्वेला तास-दीड तास, नुसते वाळवंट. तिथे कुसैर अमरा म्हणून उमय्यांचे हमामखाना आणि बैठकीचे दालन आहे. बाहेरून बघाल तर चुन्याची भट्टी. मी म्हटले, यासाठी आणलास?

आत शिरलो आणि उभाच राहिलो. भिंतीभर चित्रे. शिकार, सुतार, गवंडी, न्हाणाऱ्या बायका. एका कोपऱ्यात अस्वल बसून तंतुवाद्य वाजवते आहे, शेजारी माकड टाळ्या देते आहे. एका भिंतीवर सहा राजे ओळीने, नावे ग्रीक आणि अरबी दोन्हींत लिहिलेली. रोमचा कैसर, इराणचा खुसरो, हबशांचा नेगूस, स्पेनचा रॉडरिक. गरम पाण्याच्या खोलीच्या घुमटात राशींचे आकाश. हे दुसऱ्या वलीदने, गादीवर यायच्या आधी, करवून घेतले असे अलीकडे साफ केलेल्या अक्षरांवरून ठरले आहे. म्हणजे ७४३ च्या आधीचे.

तलवारीच्या रकान्यात हे अस्वल कुठे बसवणार? मी स्वयंपाकी माणूस, पण आमच्या देवळांतली कावी बघत वाढलो आहे. भिंत चितारणाऱ्याचा हात रमला होता की नाही ते कळते. रमला होता.

मळ्यातला

अस्वल मान्य. अपवाद शब्द मागे घेतो. पण शेट, तुम्ही अब्बासींना हलके तोललेत, अंगठा पारड्यावर आहे तुमचा.

कागद विसरलात. बगदादला कागद आला आणि कातडे-पपायरसच्या मानाने लिहिणे स्वस्त झाले. मन्सूरच्या दरबारात ब्रह्मगुप्ताचे गणित-ज्योतिष संस्कृतातून अरबीत गेले, "सिंदहिंद" या नावाने. "सिंदहिंद" म्हणजे आपला सिद्धांत. पुढे खलिफा मामूनच्या काळात, ८१३ ते ८३३, अल ख्वारिझ्मीने त्याच धाग्यावर कोष्टके केली आणि हिंदी अंकांवर लिहिले. शून्याला त्यांनी सिफ्र म्हटले. सुश्रुत बर्मक्यांसाठी भाषांतरित झाला. हुनैन इब्न इसहाक, ख्रिस्ती वैद्य, ग्रीक हस्तलिखितांच्या दोन-तीन प्रती जमवून ताडून मग भाषांतर करायचा. उमय्यांचा ठसा पक्का असेल, पण ठशातून तेच नाणे पुन्हा पुन्हा निघते. बगदादला नवे निघत होते.

म्हापशाची_बाई

मळ्यातले, सुश्रुताचे ठाऊक नव्हते, बरे झाले. पण एक शंका. पंचतंत्र अरबीत नेणारा इब्न अल मुकफ्फा मला अब्बासींच्या रकान्यात दिला होता. वाचते तर तो उमय्यांच्या सुभेदारांकडेच कारकून होता, नंतर अब्बासींकडे आला, आणि मन्सूरच्या काळात बसऱ्याच्या सुभेदाराने त्याला हालहाल करून मारले. लेखणीवाल्यांनीच लेखणीवाला मारला. रकाना कोणता?

गुंजभर

बाई, हे तुम्ही माझ्यापेक्षा बरे मांडलेत. रेघ पुसा म्हणतो ती याचसाठी. ७५० ला राजे बदलले, कारकून त्याच बाकावर होते.

आणि मळ्याच्या बाबा, अंगठा होता, उचलला. नव्याचे तुमचे मान्य. पण ठशातून तेच निघते म्हणता, म्हणून एक ऐका. इंग्लंडात मर्सियाचा राजा ऑफा होता, ७९६ ला गेला. त्याने सोन्याचे नाणे पाडले, ते मन्सूरच्या हिजरी १५७ च्या दिनाराची नक्कल. कलिमा आहे, हिजरी साल आहे आणि अरबी ओळींच्या मधे "ऑफा रेक्स", दोन्ही एकमेकांच्या उलटे. कारागिराला अरबीचे एक अक्षर येत नव्हते. तो नक्षी समजून कोरत गेला.

मी त्याला हसत नाही. माझे लग्न व्हायचे होते तेव्हाची गोष्ट. खाडीतून सुट्टीवर आलेला एकजण आईसाठी लॉकेट करायला आला. कागदावर अरबीत "अल्ला" लिहून दिले. मी कागद उलटा धरला. दोन दिवस कोरणी चालवली, कडेला वेलबुट्टी काढली, पॉलिश झकास. तो घेऊन गेला, त्यालाही कळले नाही. संध्याकाळी म्हातारी स्वतः आली. लॉकेट काउंटरवर ठेवले, बोटाने फिरवून सरळ केले, तर कडी खाली गेली. "शेट, काम बरे आहे," म्हणाली, "फक्त देवाला टांगायचे कुठून?" पुन्हा घडवले. घट माझी, घडणावळही घेतली नाही. बगदादच्या नाण्याची पत एवढी होती की ज्याला वाचता येत नाही तोही ते उलटेपालटे कोरत होता, आणि ती पत उमय्यांच्या वजनावर उभी होती. एवढेच मला म्हणायचे होते.

गोपकपट्टणचा_वाटसरू

सगळे दमास्कस-बगदाद करताहेत, म्हणून आपल्या किनाऱ्यावरून. उमय्यांची ओळख पश्चिम किनाऱ्याला फौज म्हणून झाली. सिंधनंतर ते गुजरातेत उतरले आणि नवसारीजवळ चालुक्य अवनिजनाश्रय पुलकेशीने त्यांना परतवले. ७३९ च्या ताम्रपटात ताजिक, म्हणजे अरब, सैन्य म्हणून उल्लेख आहे.

अब्बासी काळात तेच ताजिक व्यापारी म्हणून दिसतात. राष्ट्रकूटांच्या तिसऱ्या इंद्राच्या वेळी संजाणचा कारभार मधुमती नावाच्या ताजिकाकडे होता, ९२६ चा चिंचणीचा ताम्रपट आहे. मधुमती म्हणजे मुहम्मद! त्याआधी दहा वर्षे बगदादचा प्रवासी मसूदी चौलला आला होता. सिराफ, ओमान, बसरा, बगदादच्या लोकांची मोठी वस्ती त्याने तिथे पाहिली आणि राष्ट्रकूट राजाला तो "बल्हारा" म्हणतो, वल्लभराजचे रूप. अकराव्या शतकात आपल्या कदंबांच्या ताम्रपटात चौलहून आलेल्या ताजिक घराण्यातला छडम भेटतो. कदंब राजा जयकेशीने त्याला अधिकार दिले आणि मशिदीच्या खर्चासाठी बंदरातल्या जहाजांवर कर लावू दिला. ताम्रपटात मशिदीसाठी शब्द आहे "मिजिगिति".

पण यावरून अब्बासी गोड आणि उमय्या कडू असे कोणी काढू नये. तोपर्यंत बगदादच्या खलिफाकडे इतक्या लांब पाठवायला फौजच उरली नव्हती.

म्हापशाची_बाई

मिजिगिति! हा शब्द मी वर्गात सांगणार.

शेवटचे विचारते. अब्बासी १२५८ ला संपले असे लिहू दे का? मुलगी म्हणते, ९४५ ला बुवैही हे इराणी घराणे बगदादेत शिरले, तेव्हाच खलिफाच्या हातून सगळे गेले, मग तुलना पहिल्या दोनशे वर्षांचीच करावी. वेळेचे पारडेही मग जरा बरोबर येते.

गुंजभर

मुलगी हुशार आहे, तिचे ऐका. मी तर आणखी आधी थांबेन. खलिफा मुअतसिमने ८३६ ला तुर्की गुलामांच्या फौजेसाठी राजधानीच बगदादहून सामर्‍याला हलवली. राखणदारासाठी मालकाने घर बदलले, तिथेच मला शंका येते.

पण १२५८ पण लिहू दे, एका गमतीसाठी. मंगोल हुलागूने त्या वर्षी खलिफा मुस्तअसिमला मारले. बल्बन दिल्लीच्या गादीवर आला १२६६ ला. त्याची नाणी बघा, एका बाजूला मुस्तअसिमचे नाव, खलिफा म्हणून. जलालुद्दीन खिलजीच्या नाण्यावरही तेच. माणूस मरून तीस-पस्तीस वर्षे झाली तरी दिल्लीची टांकसाळ त्याचाच हॉलमार्क मारत होती.

तिला एकदा फोंड्याला आणा. शुक्रवारी तिचा बाजार असतो, शनिवारी दुपारनंतर या. पितळेच्या पत्र्यातून सात चकत्या सव्वाचार ग्रॅमच्या आणि दहा २.९७ च्या कापून ठेवतो, वडिलांच्या तराजूवर तिने स्वतः तोलाव्यात. हिशेबाने पाच सेंटिग्रॅम फरक राहतो, अर्ध्या गुंजेच्याही आत. काटा त्याहून जास्त हलला तर तो अब्दुल मलिकचा दोष नाही, माझ्या कानशीचा.